खाल्ल्या मिठाला जागणारे मूत्रपिंड

मराठीत माणसाच्या इमानाचे माप मिठाने घेतात. खाल्ल्या मिठाला जागेल तो आपला, न जागेल तो नमकहराम. आपल्या या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेतही मिठाला असाच मान आहे. ‘उप्पिगिंत रुचि इल्ल, तायिगिंत बंधु इल्ल’, म्हणजे मिठापरती चव नाही आणि आईपरते सोयरे नाही, असे ते म्हणतात. त्यांची आणखी एक म्हण आहे : ‘उप्पु तिंदव नीरु कुडियलेबेकु’. ज्याने मीठ खाल्ले त्याला पाणी हे प्यावेच लागणार. केल्या कर्माचे फळ भोगावे लागते, या अर्थाने ही म्हण वापरतात. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर रक्तदाबाचे निम्मे शास्त्र तिच्यात आलेले आहे. उरलेले निम्मे मूत्रपिंडात आहे. आणि त्याविषयी आपण सुशिक्षित म्हणवणारी मंडळी फारच थोडे जाणतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा दोष काही अंशी आपल्या शिकण्याच्या पद्धतीकडे जातो. शाळेपासून आपण मूत्रपिंड शिकतो ते ‘उत्सर्जनसंस्था’ या प्रकरणात. घेवड्याच्या बीच्या आकाराचे दोन अवयव, रक्त गाळतात, युरिया बाहेर टाकतात. नेफ्रॉनची सुबक आकृती काढून नावे दिली की गुण पदरात पडले. यात खोटे काही नाही. पण त्यामुळे मूत्रपिंड म्हणजे शरीराचे गटार, अशी समजूत जी एकदा डोक्यात बसते ती पदवी मिळाली तरी निघत नाही. रक्तदाब म्हटला की आपण हृदयाकडे बोट दाखवतो, फार तर मनाकडे. कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला बसलेल्या या दोन कारभाऱ्यांकडे कोणाचे लक्षच जात नाही.

मी डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावचा. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्री सप्तकोटेश्वर याच गावी आहे, आणि आजचे देऊळ शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६६८ साली उभे राहिले. तेव्हा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वाचकांना गावाचे नाव अगदीच परके वाटू नये. नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडली की दिवाडी बेट लागते. मांडवीकाठी खाजन शेती आहे. भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही जमीन. बांधात ठिकठिकाणी लाकडी दाराची ‘मानस’ असते. ओहोटी लागली की शेतातले जादा पाणी दार ढकलून नदीत जाते. भरती चढू लागली की त्याच पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटते. परक्या माणसाला मानस म्हणजे पाणी सोडायचे एक भोक वाटेल. पण खाजनात पाणी किती उभे राहील आणि ते किती खारे असेल, हे मानशीवर ठरते, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. मानस मोडली तर वर्षाचे पीक गेले. मूत्रपिंड ही आपल्या शरीराची अशी मानस आहे.

थोडे आकडे पाहू. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही नव्हे. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा एवढ्याशा अवयवांकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव तेथे गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर पडतो. त्या १८० लिटरांबरोबर जवळपास दीड किलो मीठ गाळले जाते, आणि त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक परत रक्तात घेतले जाते. गटार एवढे हिशेबी असते काय?

हा हिशेब ठेवण्यासाठी मूत्रपिंड जे मुख्य द्रव्य रक्तात सोडते त्याचे नाव रेनिन. काटेकोर बोलायचे तर रेनिन हे एन्झाइम, म्हणजे विकर आहे. परंतु ते रक्तातून दूरवर जाऊन काम करते म्हणून संप्रेरकांच्या पंक्तीतही त्याला बसवतात. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत काही खास पेशी असतात. त्या रेनिन साठवतात. तीन निरोपांवर त्या ते सोडतात : धमनीतला दाब उतरला, गाळलेल्या द्रवातून पुढे येणारे मीठ कमी झाले, किंवा मज्जातंतूंकडून संकटाची सूचना आली. अतिसार, रक्तस्राव, उन्हातान्हातला अतोनात घाम, अशा प्रसंगी हेच घडते.

पुढची साखळी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यकृताने तयार केलेले एक प्रथिन रक्तात फिरत असते. रेनिन त्याचा एक तुकडा तोडते, तो अँजिओटेन्सिन-१. हा तुकडा स्वतः फारसे काही करीत नाही. मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दुसरे एक एन्झाइम त्याची आणखी काटछाट करते आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते. हे मात्र जबरदस्त द्रव्य आहे. ते रक्तवाहिन्या आवळते, मेंदूला तहान लावते, आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरोन नावाचे संप्रेरक सोडवून घेते. अल्डोस्टेरोन मूत्रपिंडालाच येऊन सांगते की मीठ सोडू नकोस. मिठामागोमाग पाणी राहते, रक्ताचे आकारमान वाढते, दाब सावरतो. दाब सावरला की रेनिन थांबते. यकृत, फुप्फुस, मेंदू, अधिवृक्क ग्रंथी एवढ्या सगळ्यांना कामाला लावून शेवटी निरोप पुन्हा मूत्रपिंडाच्याच दारी येतो.

या ज्ञानाचा इतिहासही बोधप्रद आहे. रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बेर्गमन यांनी १८९८ साली स्टॉकहोम येथे सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढलेला पाहिला. त्यांनीच त्या द्रव्याला रेनिन हे नाव दिले. पुढे तीनेक दशके त्याकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने थोडी आवळून ठेवली, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. मूत्रपिंडाला वाटले की शरीरात रक्तच कमी पडले आहे! १९३९-४० च्या सुमारास ब्यूनोस आयरिस आणि इंडियानापोलिस येथील दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढचे द्रव्य शोधले व त्याला दोन वेगळी नावे दिली. नावाचा तंटा १९५८ पर्यंत चालला आणि दोन्ही नावे अर्धी-अर्धी जोडून ‘अँजिओटेन्सिन’ हा शब्द झाला. विद्वानांतील भांडण इतक्या समजूतदारपणे मिटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. जी यंत्रणा आपल्याला वाचवण्यासाठी आहे तीच आपल्यावर का उलटते? याचे उत्तर तिच्या इमानदारीतच आहे. मनुष्यजातीच्या फार मोठ्या काळात अन्नातून मिळणारे मीठ दिवसाला एखाद्या ग्रॅमच्या आतबाहेर होते. ज्याचे मूत्रपिंड मीठ धरून ठेवी तो उन्हाळ्यात, रोगात, जखमेत तगला. आपण त्याचे वंशज. ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवरील अरण्यात राहणारे यानोमामी लोक मीठ वापरीत नाहीत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३२ देशांतील ५२ केंद्रांच्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब ९५/६१ च्या आसपास आढळला. आणि आपल्याकडे वय वाढले की दाब वाढायचाच, असे जे आपण धरून चालतो, ते त्यांच्यात दिसले नाही.

आपल्याकडेही मीठ फार स्वस्त कधी नव्हते. १८७८ च्या तहाने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. पेडण्याच्या सीमेपलीकडे शिरोड्याला १९३० साली लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या तर नावातच मिठाचे आगर आहे. ज्या मिठासाठी एवढे मोल मोजले ते आज किराणा दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. गेल्या शंभर वर्षांत झालेला हा बदल मूत्रपिंडाला कोणी कळवलेला नाही. ते आपले जुन्या दुष्काळाच्या हिशेबानेच साठा राखीत बसले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रक्तदाबाच्या बहुतेक रोग्यांत रेनिन वाढलेले असते, असे कोणी समजू नये. पुष्कळांत ते साधारण असते, कित्येकांत तर कमी असते. मीठ भरपूर आले की मूत्रपिंड रेनिन आवरते, हे बरोबरच आहे. पण मीठ धरून ठेवण्यात ते जेवढे तरबेज तेवढे टाकून देण्यात नाही. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी मांडलेला विचार असा की, साठलेले मीठ बाहेर ढकलण्यासाठी अशा मूत्रपिंडाला चढा दाब लागतो, आणि मग शरीराचा सगळा कारभार त्या चढ्या दाबावर चालू राहतो. शेतात पाणी तुंबले तर मानशीचे दार उघडायलाही आतून रेटा लागतोच की! हा रेटा वर्षानुवर्षे मेंदूच्या, हृदयाच्या, डोळ्यांच्या आणि खुद्द मूत्रपिंडाच्या नाजूक वाहिन्यांना सोसावा लागतो. दाबाने मूत्रपिंड झिजते, झिजलेल्या मूत्रपिंडाने दाब आणखी चढतो. या चक्रातून माणूस आपल्या आपण सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे सांगितले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळे आले. भारतात झालेल्या पाहण्यांत हा आकडा ८ ते ११ ग्रॅमच्या दरम्यान सापडतो. आमच्या भागात पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुके बांगडे, सुंगटे, चेपणीची तोरां, लोणची. पूर्वी पेजेच्या ताटाबरोबर त्यातला एक तुकडा तोंडी लावायला असे. आज पेज गेली, नांगर गेला, आणि खारे मात्र राहिले. वर पाव, फरसाण, वेफर आणि पाकिटातले तयार पदार्थ आले. ‘आमचे आजोबा खारे खाऊन नव्वद वर्षे जगले’ असे सांगणाऱ्यांनी आजोबा दिवसभर शेतात किती घाम गाळीत होते तेही सांगावे. आणि काहीजण सैंधव खातात म्हणून निर्धास्त असतात, त्यांनी लक्षात घ्यावे की सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. खडा गुलाबी असला म्हणून मूत्रपिंड फसत नाही.

दुसरी गैरसमजूत शब्दातून आली आहे. ‘हायपरटेन्शन’ या शब्दातले टेन्शन आपण मनाचे समजतो. ‘मला कसले आले आहे टेन्शन? मुले मार्गी लागली, घर बांधून झाले’, असे म्हणून मनुष्य दाब तपासायचे टाळतो. ते टेन्शन मनाचे नव्हे, धमनीच्या भिंतीवरचे. ते चढले तरी बहुधा डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक मरत नाही. म्हणूनच ते घातक. जुने वैद्यकसुद्धा येथे चकले होते. म्हाताऱ्या, ताठर वाहिन्यांतून रक्त जायला चढा दाब आवश्यकच आहे, असे काही नामवंत डॉक्टर मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा दाब कित्येक वर्षे चढत होता, मोजलाही जात होता. पण उतरवायला प्रभावी औषध कोणाजवळ नव्हते.

आज ते औषध आपल्या घरातल्या फळीवर असते. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या विषावर सर्जिओ फेरेइरा यांनी १९६० च्या दशकात काम केले. ते विष अँजिओटेन्सिन-२ तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवते, असे पुढे दिसून आले. त्या धाग्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी कॅप्टोप्रिल हे औषध बनवले. अमेरिकेत ते १९८१ साली मान्य झाले. आजच्या ‘प्रिल’ अंती नावे असलेल्या गोळ्या त्याच कुळातल्या. ‘सार्टन’ अंती असलेल्या, म्हणजे लोसार्टन, टेल्मिसार्टन इत्यादी, अँजिओटेन्सिन-२ ला पेशीच्या दारातच अडवतात. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांच्या गोळ्यांच्या पाकिटावर यातले एखादे नाव सापडेल. ती गोळी मूत्रपिंडाच्या फाजील इमानाला रोज लगाम घालते, आणि म्हणून ती रोजच लागते. ‘दाब आता बरा आहे, गोळी बंद केली’ असे म्हणणारा मनुष्य पूर ओसरला म्हणून बांध फोडणाऱ्यासारखा होय. ‘प्रिल’ गोळीने कोणाला कोरडा खोकला येतो, तेव्हा डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. आपल्या मनाने टाकू नये. गरोदरपणी या दोन्ही जातींच्या गोळ्या वर्ज्य आहेत, हेही घरात माहीत असावे. तसेच अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने खाण्याची जी सवय आहे तिने दाब वाढतो आणि मूत्रपिंडालाही इजा होते.

हा प्रश्न किती जवळ आला आहे हे समजण्यासाठी एकच दाखला पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला होता. आणि मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी करणाऱ्या कारणांतली अग्रेसर जोडी आहे. मूत्रपिंड गेले की मागे राहते ते डायलिसिस : आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-चार तास. घरातला कमावता माणूस यंत्राला बांधला गेला की त्याच्याबरोबर त्याला नेणारा-आणणारा दुसराही बांधला जातो. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, शेताची पेरणी, सगळेच त्या वेळापत्रकावर चालू लागते. आणि हे पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखे असते, ही खरी वेदना आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी मूत्रपिंड शिकवताना रेनिनची साखळी ‘अधिक माहिती’ म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नये. तिच्यापासूनच आरंभ करावा, आणि विद्यार्थ्याला घरातले गोळ्यांचे पाकीट वाचायला सांगावे. इतिहासाच्या आणि मराठी-कन्नडच्या मुलांनीही हा विषय आपला मानावा, कारण दाब काही शाखा पाहून चढत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, हे चांगलेच आहे. त्याच शिबिरात दाब मोजायचे यंत्र घेऊन घरोघर जावे, आणि ज्याचा आकडा १४०/९० किंवा त्याहून वर येईल त्याला आरोग्यकेंद्रात नेऊन पुन्हा तपासून घ्यावे. एका आकड्यावरून रोग ठरत नाही. पण तपासणीला सुरुवात एका आकड्यानेच होते. जत्रेत एवढी दुकाने लागतात, तेथे एका कोपऱ्यात एक टेबल आपल्यालाही मांडता येईल. प्राध्यापकांनी आणि आपणही आपापला दाब वर्षातून एकदा मोजावा. तरुणांचा दाब चढत नाही, हा भ्रम आहे.

घरात करण्यासारखे तर याहून सोपे आहे. ताटात वाढलेल्या मिठाची चिमूट आणि वरून मीठ घेण्याची सवय सोडावी. सुके मासे शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजत घालून ते पाणी टाकावे. लोणचे तोंडी लावण्यापुरतेच असावे. पंधरा-वीस दिवस अळणी वाटेल, मग जीभ वळणावर येते. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मूत्रपिंड बोलत नाही, तक्रार करीत नाही, संप करीत नाही. निम्म्याहून अधिक काम बंद पडले तरी उरलेल्या भागावर ते कारभार चालवते, आणि आपल्याला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आयुष्यभर त्याने आपल्या मिठाला जागायचे आणि आपण मात्र त्याला गटार म्हणायचे, हा व्यवहार कोणत्याही भाषेच्या नीतीत बसत नाही. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आईवडिलांना दोन प्रश्न विचारा : शेवटचा दाब कधी मोजला, आणि गोळी आज घेतली काय? उत्तर अडखळत आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बरोबर घेऊन आरोग्यकेंद्राची वाट धरा.